परराज्यातलं जुनं पार्किंगचं चलान सोलापुरात बसून कसं मिटवायचं

जुनं चलान नेमकं नको त्या वेळी समोर येतं. गाडीचा सौदा ठरलेला असतो, इसार घेतलेला असतो, टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर) सह्या झालेल्या असतात आणि घेणारा मोबाईलवर गाडीचा नंबर टाकून विचारतो, "हे हैदराबादचं काय निघालंय?" किंवा गाडीला पंधरा वर्षं होतात, पुन्हा नोंदणी करायला जावं तर खिडकीवर सांगतात की आधी चलान भरा. ज्या दिवशी गाडी तिथं उभी केली होती तो दिवस मालकाला आठवतही नसतो.

सोलापूरच्या गाड्यांना हे जास्त भोवतं. विजयपूर आणि कलबुर्गी आपल्यापासून दोन-अडीच तासांवर, हैदराबाद पाच-सहा तासांवर. माल बघायला हैदराबादचा बेगम बाजार, दर्शनाला गाणगापूर, पाहुणे आले की गोल घुमट. शहराच्या पूर्वभागातल्या कितीतरी तेलुगू घरांची सोयरीकच तेलंगणात. एमएच १३ ची गाडी परराज्यात रस्त्याच्या कडेला उभी राहणं आपल्याकडे रोजचं आहे, आणि तिथल्या पोलिसांनी फोटो काढला तर त्याचा पत्ता आपल्याला लागेलच असं नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढच्या खेपा वाचतील. चलान ज्या राज्यात झालं, त्या राज्याच्या यंत्रणेतच ते मिटतं. सोलापूरचे वाहतूक पोलीस ते रद्द करू शकत नाहीत. आरटीओतला कर्मचारी ते बघू शकतो, पण तेलंगणा पोलिसांचा दंड त्याच्या खिडकीवर घेऊ शकत नाही. आपल्या जिल्हा न्यायालयातल्या लोकअदालतीतही ते ठेवता येत नाही. तरीसुद्धा बहुतेक वेळा तिकडे जायची गरज पडत नाही. चलान आत्ता कोणाच्या टेबलावर आहे एवढं शोधून काढलं की बाकीचं काम घरून होतं. म्हणून पैसे भरण्याची घाई करू नका, आधी ते टेबल शोधा.

आधी खात्री: चलान खरं आहे का?

व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल) आली असेल तर ती उघडू नका. चलानाची माहिती एपीके फाईलने पाठवली जात नाही. ती फाईल मोबाईलमध्ये बसली की ओटीपी आणि बँकेचे मेसेज दुसऱ्याच्या हातात जातात. चुकून बसलीच तर इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच तक्रार नोंदवा. पैसे गेल्यावर पहिले काही तास फार मोलाचे असतात.

एसएमएस आला तरी त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाईप करा आणि तो 'डॉट गव्ह डॉट इन'नेच संपतो ना, हे बघा. मधे कुठेतरी 'परिवहन' हा शब्द आहे म्हणून पत्ता सरकारी होत नाही.

कुठे शोधायचं

इथं बरेच जण फसतात. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर नंबर टाकतात, तिथं काही दिसत नाही आणि निश्चिंत होतात. त्या जागी महाराष्ट्रात झालेली चलानं दिसतात. परराज्यासाठी दोन ठिकाणी बघावं लागतं.

पहिलं ठिकाण केंद्राचं परिवहन ई-चलान संकेतस्थळ. इथं चलान नंबर, गाडी नंबर किंवा लायसन्स नंबर यांपैकी एकावर शोधता येतं. गाडी नंबर टाकला तर चॅसिस किंवा इंजिन नंबरची शेवटची अक्षरं मागितली जातात, म्हणून आरसी बुक हाताशी ठेवा. एमपरिवहन ॲपमध्ये गाडी जोडलेली असेल तर तिथूनही चलानं बघता येतात.

दुसरं ठिकाण त्या राज्याच्या पोलिसांचं स्वतःचं संकेतस्थळ. सगळी राज्यं एकाच व्यवस्थेवर नाहीत. तेलंगणा पोलिसांची ई-चलानची व्यवस्था स्वतंत्र आहे, बेंगळुरू वाहतूक पोलिसांचीही वेगळी आहे. म्हणून केंद्राच्या संकेतस्थळावर काही दिसलं नाही तरी तेवढ्यावर थांबू नका. गाडी ज्या राज्यांत गेली असेल त्या प्रत्येक राज्याच्या ठिकाणी एकदा नंबर टाकून बघा. ट्रान्सपोर्टवाल्यांनी तर हे दर महिन्याला करावं. ड्रायव्हर काचेवरची पावती फाडून टाकतो आणि मालकाला कळतं ते थेट परमिटच्या वेळी.

शोधताना ओटीपी जुन्याच नंबरवर जात असेल तर तो अडथळा आधी दूर करा. 'वाहन' या परिवहनच्या व्यवस्थेत गाडीला जोडलेला मोबाईल नंबर बदलता येतो. चलान आल्याचं आपल्याला कधीच कळलं नाही, याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. गाडी घेताना शोरूमवाल्याने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, किंवा आपण ते सिमकार्ड कधीच बंद केलेलं असतं.

चलान नीट वाचा

चलान सापडलं की त्याची प्रत काढा आणि शांतपणे वाचा. चलान नंबर, तारीख आणि वेळ, ठिकाण, कोणतं पोलीस ठाणं किंवा आयुक्तालय, कलम, रक्कम, फोटो आणि शेवटी स्थिती. या प्रत्येक गोष्टीला पुढे उपयोग आहे.

कागद कन्नड किंवा तेलुगूत असेल तर सोलापुरात त्याची अडचण होऊ नये. मात्र तेलुगू बोलणारे आपल्याकडे पुष्कळ असले तरी वाचणारे त्या मानाने कमी आहेत. घरातल्या मोठ्यांना दाखवा. कन्नडसाठी अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातलं कुणी ओळखीचं सापडतंच. मोबाईलच्या भाषांतराने साधारण अर्थ लागेल, पण कलम आणि तारखेच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. २०१४ च्या नोव्हेंबरआधीचा कागद असेल तर त्यावर विजयपूरऐवजी बिजापूर आणि कलबुर्गीऐवजी गुलबर्गा असेल. गावं तीच आहेत.

आता कलम. रहदारीला अडथळा किंवा धोका होईल अशी गाडी उभी केली, तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ लागतं आणि शिक्षा कलम १७७ खाली होते. २०१९ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. त्याआधी कलम १७७ चा दंड पहिल्या वेळी १०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ३०० रुपयांपर्यंत होता, नंतर तो ५०० आणि १,५०० झाला. तडजोडीची रक्कम, म्हणजे न्यायालयात न जाता भरून मोकळं होण्याची रक्कम, प्रत्येक राज्य कलम २०० खाली स्वतः ठरवतं, म्हणून एकाच चुकीला दोन राज्यांत वेगवेगळा आकडा दिसतो. गाडी उचलून नेली असेल तर टोइंगचा खर्च त्यात वेगळा धरलेला असू शकतो. कलम १२७ मध्ये गाडी हलवण्याची आणि तिचा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद आहे.

तारखेकडे एवढ्यासाठी बघायचं की गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जेवढी शिक्षा होती त्याहून जास्त देता येत नाही. हे राज्यघटनेच्या कलम २० मध्येच आहे. २०१७ सालच्या पार्किंगला आजच्या दराचा दंड लावलेला दिसला, तर तो मुद्दा लेखी उपस्थित करण्यासारखा आहे.

मॉल, दवाखाना, रेल्वे स्टेशन किंवा देवस्थानाच्या 'पे अँड पार्क'ची थकलेली पावती ही पोलिसांचं चलान नव्हे. ती ठेकेदाराच्या शुल्काची गोष्ट आहे आणि आरटीओच्या पडद्यावर ती येत नाही. कुणी तशा पावतीवरून 'तुमची गाडी ब्लॉक होईल' असं फोनवर धमकावत असेल तर पैसे देऊ नका, लेखी मागणी करायला सांगा.

फोटोतली गाडी तुमचीच आहे का?

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगेन. भरलेला दंड परत मिळवणं फार अवघड असतं, आणि भरणं म्हणजे चूक कबूल करणं.

फोटो मोठा करून बघा. नंबरात एक अक्षर किंवा आकडा चुकलेला असू शकतो. १२ चं १३ होतं, बी चं डी होतं, ८ आणि ३ यांत गफलत होते. गाडीची कंपनी, रंग, काचेवरचं नाव, मागचा स्टिकर, बंपरवरचा ओरखडा हे सगळं ताडून पाहा. चलानावर स्कूटरचा फोटो आणि नंबर तुमच्या कारचा, असंही घडतं.

गाडी त्या दिवशी तिकडे नव्हतीच, असं वाटत असेल तर पुरावा गोळा करा. फास्टॅगचं स्टेटमेंट उत्तम. त्याच दिवशी गाडी सोलापूर-पुणे महामार्गावरच्या सावळेश्वर टोलवरून पुण्याकडे गेल्याची नोंद असेल तर ती हैदराबादेत उभी असणं शक्य नाही. राष्ट्रीय महामार्गांच्या सगळ्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला तो १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून, त्यामुळे त्याआधीच्या तारखांसाठी ही नोंद नसू शकते. मग सर्व्हिस सेंटरचं बिल, गॅरेजची पावती, विमा दाव्याचे कागद, ऑफिसच्या पार्किंगचं रजिस्टर, जे मिळेल ते जमवा.

तक्रार दोन्हीकडे करा: संकेतस्थळावरच्या तक्रार विभागात आणि चलान करणाऱ्या पोलिसांना ईमेलने. तिकडच्यांना मराठी वाचता येईल असं धरू नका, इंग्रजीत लिहा, जमलं तर कन्नड किंवा तेलुगूत. पत्र लहान ठेवा. चलान नंबर, गाडी नंबर, तारीख आणि ठिकाण लिहा, मग एका वाक्यात हरकत: "फोटोतलं वाहन अमुक कंपनीचं, अमुक रंगाचं आहे. माझं नोंदणीकृत वाहन तमुक आहे, म्हणून हे चलान रद्द करावं." सोबत आरसीची प्रत आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो जोडा. राग, पोलिसांवरचे आरोप, कुटुंबाची हकिकत यांतलं काही नको. वाचणाऱ्याला एका नजरेत फरक दिसला पाहिजे.

आकडा चुकीचा टंकला जाणं ही वेगळी गोष्ट आणि कुणीतरी तुमच्या नंबरची बनावट पाटी लावून फिरणं ही वेगळी. फोटोत तुमचाच नंबर स्पष्ट दिसतोय पण गाडी तुमची नाही, तर विषय पार्किंगपुरता राहत नाही. उद्या त्या गाडीने अपघात केला तर पोलीस तुमच्या दारात येतील. अशा वेळी आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला म्हणून खबर घ्यायला नकार देता येत नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाडीला अजून उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली नसेल तर तीही बसवून घ्या. नक्कल करणाऱ्याची पाटी आणि तुमची पाटी यांतला फरक मग दाखवता येतो.

फोटोच उपलब्ध नसेल तर माहिती अधिकार वापरा. कर्नाटकातही आपल्यासारखीच अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून त्या शहराच्या वाहतूक पोलिसांच्या जन माहिती अधिकाऱ्याला अर्ज पाठवा. चलानाची प्रत, फोटो, आणि प्रकरण न्यायालयात पाठवलं असल्यास त्याची तारीख, एवढंच मागा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

स्थिती बघून रस्ता निवडा

गाडी तुमचीच होती, चूक झाली होती, तर आता चलानाच्या स्थितीकडे या.

स्थिती 'प्रलंबित' असेल तर काम सोपं. जिथं चलान दिसलं त्याच सरकारी संकेतस्थळावर यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने भरा आणि पावती उतरवून घ्या. पैसे कापले गेले पण चलान तसंच दिसतंय, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक जपून ठेवा, संकेतस्थळावर व्यवहार पडताळण्याची सोय असेल तर ती वापरा, दोन-तीन दिवस थांबा. बहुतेक वेळा नोंद आपोआप सुधारते किंवा रक्कम खात्यात परत येते.

घाई नसेल तर भरण्याआधी त्या राज्यात सवलत चालू आहे का, तेही बघून घ्या. तेलंगणाने २०२२ च्या मार्चमध्ये दुचाकींना ७५ टक्के आणि कारला ५० टक्के सूट दिली होती. २०२३ च्या डिसेंबरअखेर पुन्हा योजना आली, तेव्हा दुचाकी-तीनचाकींना ८० आणि कार व जड वाहनांना ६० टक्के सूट होती. कर्नाटकाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात प्रलंबित दंडावर ५० टक्के सवलत दिली. या योजना त्या-त्या राज्याच्या मर्जीच्या असतात आणि ठरावीक मुदतीपुरत्या. पाचशे रुपयांच्या चलानावर अडीचशे वाचवण्यासाठी गाडीचा सौदा लांबवणं मला तरी पटत नाही. मात्र एका ट्रकवर वीस-वीस चलानं साठली असतील तर योजनेची बातमी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

स्थिती 'व्हर्च्युअल कोर्टाकडे' (ऑनलाईन चालणाऱ्या न्यायालयाकडे) 'पाठवले' अशी असेल तर पोलिसांच्या संकेतस्थळावर पैसे भरता येत नाहीत. बटण दिसत नाही म्हणून लोक गोंधळतात आणि एजंटाकडे धावतात. व्हर्च्युअल कोर्टाचं संकेतस्थळ वेगळं आहे. तिथं आधी राज्य आणि त्या राज्याचं वाहतूक न्यायालय निवडायचं, मग चलान किंवा गाडी नंबरने प्रकरण शोधायचं. मोबाईलवर ओटीपी येतो, प्रकरण उघडतं, न्यायालयाने ठरवलेला दंड दिसतो आणि दोन पर्याय समोर येतात: दंड भरायचा, की प्रकरण लढवायचं. दंड भरला की प्रकरण तिथंच निकाली निघतं. लढवायचं निवडलं तर ते तिथल्या नेहमीच्या न्यायालयात जातं आणि मग तारखा, वकील हे सगळं त्या गावी. म्हणून पुरावा पक्का असेल आणि रक्कम किंवा तत्त्व तेवढं मोलाचं वाटत असेल तरच ते बटण दाबा. 'बघू काय होतंय' म्हणून दाबू नका.

तिसरी स्थिती 'न्यायालयात पाठवले'. इथं घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा आणि न्यायालय निवडून प्रकरणाची तारीख शोधा. समन्स आलं असेल तर ते शब्दन् शब्द वाचून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ मध्ये फार उपयोगाची तरतूद आहे आणि ती कुणी सांगत नाही. अशा किरकोळ गुन्ह्यांत न्यायालयाने समन्समध्येच लिहायचं असतं की आरोपी स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहू शकतो, अथवा ठरवलेल्या तारखेच्या आत नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून नमूद केलेली रक्कम मनीऑर्डरने पाठवू शकतो. तसं केलं की त्या गुन्ह्याबद्दल पुढची कारवाई होत नाही. म्हणजे सोलापूरच्या पोस्टातूनही प्रकरण मिटू शकतं. त्या न्यायालयात आता रक्कम कशी स्वीकारतात, हे त्याच्या कार्यालयाला फोन करून विचारून घ्या.

वकील द्यायचा झाला तर त्याच गावचा द्या. सोलापूरच्या वकिलांचे विजयपूर, कलबुर्गीत ओळखीचे सहकारी असतात, त्यांच्यामार्फत बोला. फी आधी ठरवा. पाचशेच्या दंडाला पाच हजारांची फी जात असेल तर कबुली देऊन मोकळं व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्थात गाडी तुमचीच असेल तर.

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा भरते. दंडात सवलत मिळण्याची ती चांगली संधी असते, मात्र ज्या जिल्ह्यात प्रकरण आहे तिथल्याच विधी सेवा प्राधिकरणाकडे ते ठेवावं लागतं. त्यांच्याकडून आधीच विचारून घ्या की हे चलान यादीत घेता येईल का आणि प्रतिनिधी चालेल का. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं, हेही लक्षात असू द्या. विधी सेवेची हेल्पलाईन १५१०० आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक यांना वकीलही विनामूल्य मिळू शकतो.

इतकं जुनं झालं, आता आपोआप रद्द होत नाही का?

हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर अर्धं दिलासा देणारं आहे. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची न्यायालयाने दखल घेण्याला सहा महिन्यांची मुदत असते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरी सुरक्षा संहितेत ते कलम ५१४ आहे. साध्या पार्किंगचा गुन्हा याच वर्गातला.

मात्र ही मुदत मोजताना न्यायालयात प्रकरण कधी दाखल झालं ती तारीख बघतात, दखल कधी घेतली ती नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे २०१८ चं चलान चार महिन्यांत न्यायालयात गेलं असेल आणि नुसतं पडून असेल, तर मुदतीचा मुद्दा टिकणार नाही. शिवाय पुरेसं कारण असेल तर न्यायालय विलंब माफही करू शकतं. आणि मुदत संपली तरी संगणकातली नोंद आपोआप पुसली जात नाही. ती काढायला लेखी अर्ज करावा लागतो, वेळप्रसंगी न्यायालयाचा आदेशही. मुदतीचा मुद्दा मोठ्या रकमेसाठी किंवा चुकीच्या चलानासाठी राखून ठेवा, आणि वकिलाला दाखल तारीख काढायला सांगा.

एखादं राज्य जुनी चलानं सरसकट निकाली काढतंही. उत्तर प्रदेशाने २०१७ ते २०२१ या काळातल्या प्रलंबित ई-चलानांबद्दल तसा निर्णय घेतला. तो निर्णय त्या राज्यापुरता. त्याची बातमी दाखवून बेंगळुरूचं चलान माफ होत नाही.

गाडी विकली होती, किंवा जुनी घेतली

चलानाची तारीख आणि गाडी नावावर झाल्याची तारीख शेजारी ठेवा.

चलान तुमच्या विक्रीनंतरचं आहे पण गाडी अजून कागदावर तुमच्याच नावावर आहे, तर नोटीस तुम्हालाच येणार. नोंदणीकृत मालक म्हणून गाडी कोण चालवत होतं याची माहिती देणं कलम १३३ प्रमाणे तुमचं कर्तव्य आहे. डिलिव्हरी नोट, तारीख-वेळेसह घेणाऱ्याची सही, त्याच्या ओळखपत्राची प्रत हे असेल तर ते जोडून पोलिसांना कळवा. फॉर्म २९, म्हणजे गाडीची मालकी बदलल्याची आरटीओला द्यायची सूचना, दिला होता का, ते शोधा. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि परराज्यात ४५ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. 'कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून दिली, विषय संपला' या समजुतीने सोलापुरात कितीतरी जणांना मनस्ताप झाला आहे. मधल्या डीलरने ती गाडी तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला दिली तरी पडद्यावर नाव तुमचंच राहतं.

उलट तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी, विकणाऱ्याच्या समोर बसून, केंद्राच्या आणि शेजारच्या राज्यांच्या संकेतस्थळांवर नंबर टाका. चलान निघालं तर त्यालाच भरायला लावा, किंवा तेवढी रक्कम सौद्यातून वळती करून तसं करारात लिहा. "नंतर भरतो, काळजी करू नका मालक" यावर सोडू नका. परराज्यातून गाडी आणत असाल तर फॉर्म २८ ची नाहरकत निघण्याआधीच ही तपासणी व्हावी, नंतर विकणाऱ्याला पकडणं कठीण.

भावाने, मित्राने, ड्रायव्हरने गाडी नेली होती तर आपसांत पैशाचं काय ते ठरवा, पण चलान तुमच्या गाडीवर आहे. 'ज्याने लावली तो भरेल' या वादात ते वर्षानुवर्षं राहू देऊ नका.

एजंट

एजंटाकडून काम करून घेण्यात गैर काही नाही, ज्यांना मोबाईल जमत नाही त्यांना आधारही होतो. पण 'तिकडची सेटिंग आहे, निम्म्यात उडवून देतो' म्हणणाऱ्याला रोख पैसे देऊ नका. सरकारी सवलत असेल तर ती सगळ्यांना खुली असते, आणि नसेल तर 'उडवणं' म्हणजे खोटी पावती. काम झाल्यावर त्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर थांबू नका, स्वतः नंबर टाकून बघा.

भरल्यानंतर

पावतीची एक प्रत कागदावर काढून आरसीसोबत ठेवा, एक मोबाईलमध्ये. काही दिवसांनी दोन्ही ठिकाणी पुन्हा तपासा: जिथं पैसे भरले तिथं, आणि परिवहनच्या संकेतस्थळावर. स्थिती 'निकाली' अशी दिसली पाहिजे. व्हर्च्युअल कोर्टात भरलेल्या दंडाची नोंद पोलिसांच्या व्यवस्थेत उमटायला थोडा वेळ लागतो, म्हणून आरटीओची अपॉइंटमेंट त्याच दिवशीची घेऊ नका.

नोंद बदललीच नाही, तर पावती जोडून चलान करणाऱ्या यंत्रणेला ईमेल करा आणि त्याची प्रत सोलापूर आरटीओच्या खिडकीवर द्या. तिथल्या कर्मचाऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, परराज्याची नोंद त्याला बदलता येत नाही. त्याला एवढंच विचारा की गाडी कोणत्या चलान नंबरमुळे अडली आहे. तो नंबर लिहून घ्या आणि आपल्या पावतीवरच्या नंबराशी जुळवा. एकाच दिवशी, एकाच जागी दोन चलानं झालेली असतात आणि आपण त्यांतलं एकच भरलेलं असतं, असं बऱ्याचदा निघतं.